आत्याच्या गालावरचं ऊन

तुम्ही उजेड मोजायच्या मीटरचं बोलताय, पण माझ्या पहिल्या कॅमेऱ्यात मीटर नव्हतंच. कडक उन्हाला भिंगाच्या कड्यावर कमी उजेड घेणारा सोळा आकडा, ढग आले की जास्त उजेड घेणारा आठ, एवढंच मला पाठ होतं. तेव्हा मी नागपूरहून कुहीला आत्याकडे गेलो होतो. तिला कित्येक वर्षांपासून दिसत नव्हतं. रोलमध्ये एकच फोटो उरला होता, तो मला तिचा हवा होता. धानाच्या बांधावर तिला बसवलं, आकडा सोळावर ठेवला आणि बटणावर बोट नेलं.

"थांब गा," ती म्हणाली, "ऊन मऊ होऊन राहिलं."

"मले तं तसंच दिसते."

"गालाले समजते."

मी थांबलो, तिच्याशी बोलत राहिलो. थोड्या वेळानं खरंच एक पातळ ढग सूर्यावर आला आणि तिची सावली बांधावर विरघळून गेली. आकडा आठावर आणून मी फोटो काढला.

महिन्याभरानं तो घेऊन गेलो. सुरेख आला होता. आत्यानं त्यावरून बराच वेळ बोटं फिरवली.

"हासून राहिली काय मी?"

"हो. अन् सरळ माझ्याकडे पाहून राहिली."

"तू बोलत होता ना," ती म्हणाली. "तुह्या आवाजाकडे पाहत होती मी."