चिझुरूताईची पाटी

नाव हायातो कुदो, वय २३, धंदा क्लबात दारावरचा कामगार, मूळ गाव आओमोरीकडचे, हल्ली राहणार सुसुकिनो, साप्पोरो. शिक्षण नववी अर्धवट. समक्ष हजर राहून सांगतो की,

गावची मासेमारी सोडून मी तीन वर्षे येथील चौथ्या मजल्यावरच्या क्लबात आहे. गिऱ्हाइकांसोबत बसणाऱ्या बाया संध्याकाळी सहाला येतात. प्रत्येकीच्या नावाची लाकडी पाटी तिच्या पिशवीत असते. आल्यावर ती दाराशी खुंटीवर लावायची, निघताना घेऊन जायची. हजेरीचे कार्ड मात्र गिऱ्हाइकाच्या टेबलाशी बसल्यावरच पंच होते. त्याआधीचा वेळ पगारात धरत नाहीत. पण त्या वेळात खाली उतरायचे नाही, आडवे व्हायचे नाही.

दि. ९ फेब्रुवारीला बर्फामुळे गिऱ्हाईक नव्हते. चिझुरू नारिता, वय ४४, हिला आम्ही ताई म्हणतो. तिने सहा वाजून पाच मिनिटांनी पाटी लावली, ती मी पाहिली. बाया वाट पाहतात त्या मागच्या खोलीला खिडकी नाही, रॉकेलचा हीटर आहे. धूर कोंडतो हे मी मॅनेजर ओबा यांना दोनदा सांगितले होते. ताई तेथे कामावर वाट पाहत असता, सात पन्नासला मी चहा घेऊन गेलो. ती बसलेलीच होती, अंबाडा नीट. हाक मारली तर उठेना. लिफ्ट येईना, म्हणून पाठीवर घेऊन चार मजले उतरलो.

ती आता इस्पितळात शुद्धीवर आहे, पण उजवा हात उचलत नाही. ती कामावर होती असे ठरले तरच तिला उपचाराचा विमा मिळेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओबासाहेब मला बोलावून, ताई सहज शेकायला आली होती असे पोलिसांना सांग, म्हणाले. "कार्ड कोरं, म्हणजे बाई आलीच नाही."

मी म्हणालो, "मग पाठीवरून मी कोणाला नेलं, साहेब?"

मासे सोडून आला आणि वकील झाला, असे ते म्हणाले. तुझ्या कामाचे उद्यापासून बघू, असेही म्हणाले. मी बरं म्हणालो.

निघताना दाराशी पाहिले तर ताईची खुंटी रिकामी होती. पाटी मला कचऱ्याच्या पिशवीत लिंबाच्या सालींखाली मिळाली, ती हजर करीत आहे. पाठीवरून गेलेली बाई पाटी काढून नेत नाही.

जबाब हवालदारसाहेबांनी वाचून दाखवला. त्यात 'ताई मागे विसावली असता' असे आले होते. ती विसावली नव्हती, असे मी सांगितले. ते म्हणाले, एकच झालं रे. मी नाही म्हणालो. खोडून 'कामावर वाट पाहत असता' असे लिहून घेतले व पुन्हा पहिल्यापासून वाचून घेतले. आता माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. सहीच्या जागी लागतो तो नावाचा शिक्का जवळ नाही, अंगठा दिला आहे. खाडाखोडीवरही दिला आहे.