हात धुवायचं पानी

नाही, मी म्हनतो, पाह्यासारखं आहे काय आमच्या इकडं? तुमीच सांगा ना जी. एक तलाव आहे, त्यात फागनात अर्धा गाळ. एक पहाडी आहे, तिच्यावर चढलं का मांगची दुसरी पहाडी दिसते. बाकी सारं जंगल, थेट नागझिऱ्यापर्यंत, अन् जंगलात झाडं... आता जंगलात झाडं राहतात, ते काय पाह्याचं? गोरे साहेब येतात इकडं, पन ते पाह्याले नाही येत, बंदुका घेऊन येतात. पन टिकाराम पटेलनं पाहिलं! सकाळपासून पाहिलं, उन्हातानात पाहिलं, उपाशीपोटी पाहिलं, अन् मी मांगंमांगं, तोही उपाशी.

टिकाराम पटेल कोन? तेच तं सांगून राहिलो. बाघ नदीच्या पलीकडचे, बालाघाटकडचे, घरचं धान, घरच्या चार जोड्या बैल, अन् पोरगा लग्नाचा. अन् माही रुख्मिनी... खोटं कायले बोलू, अठरावं लागलं होतं तिले. तिच्या संगातल्या पोरी काखेत लेकरं घेऊन माहेरी येऊन राहिल्या, अन् ही अजून आमच्या म्हशी धुवून राहिली. आधी दोन ठिकानचे पाहुने येऊन गेले. दोघंही पानी पिऊन गेले.

पानी पिऊन गेले म्हनजे काय, ते आधी आयका, नाही तं पुढचं सारं वाया जाईन. आमच्या इकडं पोरगी पाह्याले पाहुना आला का त्याले प्यायचं पानी द्याचं. ते कोनीही पिते. मंग आपन चूप बसाचं. पाहुन्याच्या मनात सोयरीक असन तं तो आपल्या तोंडानं म्हनते, 'हात धुवायले पानी द्या.' बस! हात धुतले म्हनजे जेवला, अन् जेवला म्हनजे सोयरीक पक्की. मनात नसन तं टोपी उचलून रामराम. पोरीच्या बापानं सोताहून जेवा म्हनाचंच नाही. म्हनलं का लोकं म्हनतात, पोरगी गळ्यात बांधून राहिला. दोघायनं टोप्या उचलल्या. तिसऱ्यानं उचलली असती तं चौथा आमच्या दारी आलाच नसता, हे मलेही माहीत होतं, सुमित्राबाईले, माह्या बायकोले माहीत होतं, अन् त्या पोरीले तं आमच्याहून जास्त माहीत होतं.

तं सकाळी चुन्नीलालनं पटेलले छकड्यातून आनलं. सोयरिकी जुळवनारा मानूस, दोन्ही काठांच्या रीती त्याले तोंडपाठ. अन् तोच म्हने, मले गोंदियाच्या बजारात काम आहे, संध्याकाळी येतो. गेला! आता राहिलो आमी दोघं. ओसरीवर घोंगडी. आत चिन्नोराचा भात रटरटून राहिला, उडदाचे वडे तळून राहिले, वास थेट आंगनात. पटेलनं पानी पेलं. मी चूप. पटेल चूप. मी त्यायच्या हाताकडं पाहून राहिलो, ते माह्या तोंडाकडं. आतून सुमित्राबाईची बांगडी वाजली, म्हनजे, काय झालं? मी मान हालवली, काही नाही. पटेल खाकरले. मी पुढं सरकलो, आता म्हनतेत... आता म्हनतेत...

'गाव बढिया आहे जी तुमचा,' म्हनले.

हो जी, म्हनलो. पुन्हा चूप. मानूस चूप बसन तं किती बसन? माह्या तोंडातून निंगालं, 'आमची पहाडी पाह्याले चालता का?' अन् पटेल उठले! उठले म्हनजे असे उठले, का जसं मीच त्यायले ओसरीवरून हाकललं. अन् मी म्हनतो, पाह्यासारखं आहे काय त्या पहाडीवर?

पटेलचा देह भारी. पांढरं धोतर, नवे जोडे, डोक्यावर उन्ह. दहा पावलं चालले का थांबत, मांगं पाहत, अन् मले वाटे, आता म्हनते चला घरी. ते मांगं पाहत, मी थांबो, मी थांबलो का ते पुढं निंगत! असं करत करत माथ्यावर पोचलो. अन् तिथून दिसते काय? आमचं घर. घरातून धूर निंगून राहिला. पटेल त्या धुराकडं पाहत उभे राहिले. घर लहान वाटून राहिलं वाटते यायले. मंग त्यायनं लंबा श्वास सोडला अन् म्हनले, 'अजून काय आहे जी पाह्यासारखं?'

अरे बाप्पा! टोपी उचलत नाही, पानीही मांगत नाही, मानूस पाहूनच राहिला. काय दाखवू? पहाडीच्या पोटात एक गुफा आहे, तिकडं बोट दाखवलं. दाखवाचं नव्हतं. फागनात मोहफूल पडते, अन् मोहफूल पडलं का अस्वल येते, हे आमच्याकडं रांगत्या लेकराले माहीत आहे. पन ज्याच्या हातात पोरीचं नशीब, त्याले 'नोको जाऊ' कसं म्हनू? पटेल म्हनले, पाहू म्हनता तं पाहू. मी कधी म्हनलो पाहू? गेलो आत.

अंधार. थंडगार. दोघं उभे. अन् कुठून तरी घुर्र... घुर्र... असा आवाज येऊन राहिला. पटेल हळूच म्हनले, 'शालीकरामजी, तुमचं पोट वाजून राहिलं का?'

'नाही जी,' म्हनलो, 'मले वाटलं तुमचं.'

मंग आमी एकमेकाकडं पाहिलं. मंग ते उठलं. आता ते किती मोठं होतं, हे मले इचारू नोका, मी पाह्याले थांबलो नाही. दिवसभरात तेवढीच एक गोष्ट पाह्यासारखी होती, अन् तीच आमी पाहिली नाही! काट्यातून, पळसातून, गोट्यातून, पटेल पुढं, मी मांगं, एक जोडा तिथं, टोपी कुठं, अन् तलावाची पाळ आली तं पटेल थांबलेच नाही. पाळीवरून सरळ खाली. गाळात. कमरेपर्यंत.

अस्वल? ते आमच्या मांगं आलंच नव्हतं. झाडाखाली मोहफूल खाऊन राहिलं होतं. तिघायपैकी ते एकटं जेवलं.

पन तुमाले सांगतो, हासू नोका, तो तलाव वाईट आहे. गेल्या साली बैल गेला त्यात. पटेल हालले का एक बोट खाली, बोलले का एक बोट खाली. मी हात दिला तं मीच गुडघ्यापर्यंत गेलो. एवढा वेळ पोरीच्या सोयरिकीचं भेव होतं, आता मले मानसाचं भेव वाटून राहिलं. आवाज देऊ तं कोनाले देऊ? साऱ्या गावाले सांगून ठेवलं होतं, घराकडं फिरकू नोका, पाहुना आहे.

तेवढ्यात पाळीवर कोन? रुख्मिनी! सकाळपासून नवं लुगडं नेसून आत बसवलेली माही पोरगी, कासोटा खोचून, गुडघ्यापर्यंत चिखल, म्हशीमांगं! म्हशीनं दावं तोडलं म्हने. तिनं आमाले पाहिलं, दावं पटेलच्या काखेखालून घातलं, दुसरं टोक म्हशीच्या गळ्यात, अन् म्हशीच्या पाठीवर दिली एक थाप. पटेल भात लावायच्या रोपासारखे उपटून वर आले.

'कोन आहे जी हे पोरगी?' पटेलनं इचारलं.

अन् मी... अरे, ज्या अवतारात ती उभी होती, कोन बाप सांगन? म्हनलो, 'शेजारची.'

रुख्मिनीनं माह्याकडं पाहिलं. नुसतं पाहिलं. मंग तलावातून ओंजळभर पानी आनलं अन् पटेलपुढं धरून म्हनली, 'घ्या, हात धुवा.' अन् पटेलनं धुतले! मी पाहून राहिलो. मांगलं नाही... पन धुतले तं. आता हे धराचं का नाही धराचं?

तं पटेलच पाळीवर बसले अन् फुटले. 'शालीकरामजी, पोरगी द्याची नसन तं तसं सांगा. सकाळपासून पहाडी दाखवता, गुफा दाखवता, अस्वल दाखवता, पन एकदा पाटावर चला म्हनलं नाही. आमच्याकडं पोरीचा बाप हात धरून पाटावर नेते. नाही नेलं, म्हनजे नाही.'

सांगा आता! केवढीशी ते नदी, फागनात गुडघाभर पानी. या काठावर पाहुन्यानं पानी मांगाचं, त्या काठावर बापानं हात धराचा, अन् मधात आमी दोघं उपाशी! मी त्यायचा हात धरला, चिखलासकट, तो घरी पाटावर बसवेपर्यंत सोडला नाही. नऊ वडे खाल्ले पटेलनं. मंग ढेकर देऊन म्हनले, 'सारं दाखवलं तुमी. आता पोरगी तं दाखवा.'

रुख्मिनी पान घेऊन आली. लुगडं बदललेलं, कानामांगं चिखल तसाच. पटेलनं तिच्याकडं पाहिलं, माह्याकडं पाहिलं. 'हे तं शेजारची.'

मी छताकडं पाहून राहिलो. सुमित्राबाईची बांगडीही वाजेना. अन् ते पोरगी खाली मान घालून म्हनते, 'बाबूजी घाबरले का आमी साऱ्या शेजारच्या होतो.'

मी म्हनलो, संपलं. आता उचलते टोपी. पन टोपी तं गुफेजवळ पडली होती... पटेल हासले. पोट धरून हासले. 'जेवलो ते बरोबर जेवलो,' म्हनले. खोटं कायले बोलू, माह्या डोळ्यात पानी आलं.

तं सोयरीक पक्की झाली. लगन बैसाखात. पन काल चुन्नीलाल निरोप घेऊन आला. पटेलनं तिकडं आमच्या गावाची एवढी तारीफ केली, का पन्नास मानसं लगनाच्या दोन दिवस आधी येऊन राहिले. पहाडी पाह्याची आहे. गुफा पाह्याची आहे. अस्वल तं पाह्याचंच आहे. अन् बैसाखापर्यंत मोहफूल संपते! म्हनून सध्या मी रोज सकाळी टोपलं घेऊन मोहाखाली जाऊन राहिलो, फूल येचून राहिलो, वाळवून ठेवून राहिलो. सुमित्राबाई इचारते, कायले? काय सांगू तिले, अस्वलाचं मन धरून राहिलो म्हनून? तेच निंगून गेलं तं... पाह्यासारखं आहे काय आमच्या इकडं?