मधुमालती हॉलले खोकला येते

सही? करतो ना वं मयुरा, चौथीत दोन वर्षं बसून मी सहीच तं शिकलो — तिसऱ्या वर्षी मास्तरच बदली करून पळाला. हास ना! बस, त्या स्टुलावर बस. मोडत नाही तो, मोडल्यावानी आवाज करते फक्त. म्याच एक खिळा ढिला ठेवला आहे. तुमचे प्राचार्य बसले होते मागं — असे उडाले बापा, की चष्मा एकीकडं आन् साहेब एकीकडं!

वाच बरं पुन्हा तो कागद. "मी भैयाजी, मधुमालती हॉलचा चौतीस वर्षांपासूनचा चौकीदार, लिहून देतो की हॉलचं वायरिंग चांगलं आहे." हाव. बरोबर. हा कागद उद्या सुनावणीत दाखवसान, तं वायरिंग खराब म्हणून हॉलले लावलेलं सील निघंन. नाही दाखवला, तं पाडतीन. सदरसारख्या भर बाजारातली जागा, हॉलच्या ट्रस्टवाल्याईले तं दुकानंच काढायची आहेत. मंग कॉलेजच्या पोट्ट्याईनं गावं कुठी? कळमेश्वर रोडच्या लॉनात. पाहिलं म्या एकदा जाऊन — मागं नवरदेव-नवरीची खुर्ची, दोन थर्माकोलचे मोर, आन् मंधात आपलं पोट्टं गिटार घेऊन उभं. लग्न मोडलेल्या नवरदेवावानी दिसत होतं बिचारं. गाणं रंगलं की लॉनवाला म्हणते, आवाज कमी करा, बाजूच्या लॉनात मंगलाष्टकं आहेत.

वायरिंग? अवं, एक नंबर! एक वायर कुरतडली नाही उंदरानं. काय म्हणते? मंग लाईट काहून जात होती?

आता तुले म्हणून सांगतो. तुमच्या सिनियरनं सांगितलं असंन ना, मधुमालती हॉलले खोकला येते म्हणून? दर गॅदरिंगले, शेवटच्या गाण्यात, ऐन रंगात — खट्! लाईट गेली, माईक गेला, सारं बंद. आन् मंग काय होते? अंधारात आठशे पोट्टे तेच गाणं उचलून धरतात, बिनावाजाचं, छत हालते बाई! अर्ध्या मिनिटानं लाईट येते, ड्रमवाला धाडकन घुसते, आन् पोट्ट्या रडून राहिल्या असतात. लोक म्हणत, हॉल म्हातारा झाला, वायरिंग खोकलते. — हे पाय, हा हात खोकलत होता! स्टेजच्या मागं मेन स्विच, आन् मी तिथी तोंडात पदर कोंबलेल्या नवरीवानी हसून राहिलो. चौतीस वर्षं! एका इलेक्ट्रिशियनलेही पत्ता नाही. तीनदा वायरिंग बदलवलं त्याईनं —

काय? मागच्या वर्षी?

मागच्या वर्षीचं येगळं. मागच्या वर्षी वायरच... अशी नोको पाहू वं.

तो प्रशिक. गिटारवाला. मले का माहीत, तो वाजवता वाजवता पार काठावर आला म्हणून? मी मागं होतो. खट् केलं. तो खाली पडला, चार फूट, डाव्या हातावर. ओरडलाही असंन — पण आठशे जण गाऊन राहिले होते ना. त्या दिवशी तं लयच जोरात गायले. म्या म्हटलं, आज मस्त रंगलं, अजून थोडं राहू दे अंधार. लाईट लावली तं लोकाईनं टाळ्या वाजवल्या. त्याईले वाटलं, खाली झोपणं गाण्यातलंच आहे.

दोन बोटं वळत नाहीत आता. बुटीबोरीले फॅक्टरीच्या गेटवर बसते तो. आन् दर रविवारी इथी येते, मायच्या हातची कोथिंबिरीची सांबारवडी घेऊन. मलेच समजावते — "आबा, तुम्ही काहून जिवाले लावून घेता? वायरिंगचा दोष, तुम्ही काय करसान?" मी वडी खातो. गोष्टी सांगून हसवतो त्याले. हसते बिचारा.

आता बोल, करू सही? वायरिंग चांगलं म्हणून लिहून देऊ? उद्या सुनावणीतला साहेब पहिलं हेच विचारंन, चांगलं होतं तं लाईट बंद कोणं केली. दुपारपर्यंत बुटीबोरीले त्यालेही माहीत होईन. पाडतात तं पाडू दे हॉल. लॉनात गा, मोरायसमोर गा. मले बाकी कोणी येत नाही वं भेटाले. बायको गेली, पोरगा पुण्यात, फोनवर हालो म्हणून ठेवते.

आन् हा दुसरा कागद, हॉल वाचवा म्हणून अर्ज? किती जणाईनं केल्या सह्या? दोनशे? आन् सगळ्यात वर हे कोणाचं नाव आहे? चष्मा नाही माह्याजवळ, तूच वाच.

...

प्रशिक? त्यानंच पाठवलं तुले इथी?

आबा नाही म्हणणार नाहीत, असं म्हणला?

उचल तो कागद. उचल म्हटलं ना. आन् त्यानं विचारलं तं सांगजो, म्हातारा भेटलाच नाही. कुलूप होतं.