इंजनाले गनमेटल

नाई मयंकशेठ, हा चकचकीत चांदी कलर ठेवा तिकडंच — इंजन हाय ते, लग्नातलं ताट नाई! मॉडेल फूटभराचं म्हनून काय झालं? अस्सल दिसाले पाह्यजे. ब्लॉक बिडाचा, म्हनून गनमेटल, काळपट करडं, तेही बिनचमकीचं. गिअरबॉक्सले फिका अ‍ॅल्युमिनिअम. सायलेन्सरले तांबूस, वरून तपकिरी, कापडानं हलकंच थोपटाचं — मंग तापलेला दिसते. कोनं शिकवलं? कोनीच नाई. तीस वर्षं नानाजीच्या जुन्या ट्रॅक्टरच्या दुकानात मिस्त्री व्हतो, इंजनाचा रंग मले झोपेतही समजते.

त्यायचाच सत्कार हाय ना रविवारी. 'विश्वासाची तीस वर्षं' — वाशीमभर बॅनर लागले, पाह्यले नाई? दुकानातून पह्यला इकला तो ट्रॅक्टर, त्याचं मॉडेल काचंच्या पेटीत ठेवतो म्हनते. म्या बनवलं, काल नेऊन दाखवलं. तं म्हनते, "दौलतराव, इंजन जुनं दिसून राह्यलं. चांदी मारा." म्या म्हनलं, जुनंच व्हतं. तं म्हनते, "तवाबी मारलीच व्हती ना?"

मारली व्हती. — फसवलं म्हनता? नाई, तसं नाई... बरं, तसंच. ब्लॉकले चीर व्हती, नख फिरवलं तं अडके. म्या पुट्टी भरली, वरून चांदीचे दोन हात. रिठदचे रामकिसन घेऊन गेले, ट्रॅक्टरले हार घालून. ऐन पेरनीत ब्लॉक फुटला. मले वाटलं, आता येतीन, गचांडी धरतीन. आले — अन् म्हनते, "माह्याच हातून काही चुकलं असन, तुमी तं नीट पाह्यलं व्हतं." म्या चहा पाजला. चहा! रुपाबाईले, आमच्या घरी, आजवर सांगतलं नाई.

आता पह्यलं गिऱ्हाईक म्हनून त्यायलेच स्टेजवर बोलावलं. नानाजीले हार त्यायच्याच हातानं! म्हनून म्या मॉडेलवर चीर कोरली, सुईनं, व्हती तिथंच. तिच्यावर गनमेटल पातळ मारतो, म्हनजे बुजनार नाई. नानाजी पाह्यनार नाईत, ते कॅमेऱ्याकडं पाह्यतीन. रामकिसन मातर चश्मा लावून, वाकून पाह्यतीन...

मंग? मंग काय, सांगीन. तिथंच, माइकवर — नाई तं मंडपामागं... दोघंच असलो म्हनजे... पाहू.

असे काय पाहून राह्यले माह्याकडं? बांधा लवकर. गनमेटलच बांधा. अन् रंगाच्या दुकानात रंगाचंच बोलत जा, मयंकशेठ — कायले भलतंसलतं इचारता?