चित्रातल्या मुलीची जन्मवेळ

श्रीगजाननाला आणि आमच्या कुलस्वामिनीला वंदन करून सांगायला बसतो. आज आमच्या कन्येच्या, दुर्गेच्या मुलीला पाटीवर पहिले अक्षर काढून दिले, त्या निमित्ताने तुम्ही आला आहात आणि जुने सांगा म्हणता, तर सांगतो. मात्र लिहाल ते मला वाचून दाखवा, कारण लिहिलेला कागद कुठून कुठे जातो याचा मला फार वाईट अनुभव आहे.

आमचे आजोबा वैनगंगेपलीकडून या केशोरीत आले. वडील पुराण सांगत, पत्रिका करीत. मला त्यांनी नागपूरच्या पाठशाळेत बारा वर्षे ठेवले, व्याकरण झाले, ज्योतिष झाले, आणि परत आल्यावर वडिलांचेच आसन मला मिळाले. त्याच सुमारास नागपूरच्या एका साप्ताहिकासाठी मी दर आठवड्याचे पंचांग लिहून टपालाने पाठवू लागलो. मोबदला म्हणून अंक घरी येई. तो मी मारुतीच्या पारावर वाचून दाखवी, आणि काय सांगू तुम्हाला, देशात एवढ्या घडामोडी चाललेल्या, पण लोकांचे चित्त शेवटच्या पानावर. तिथे चार चौकटींत चित्रे असत, तात्यांचे बिऱ्हाड नावाची. संपत पटेल म्हणून आमचे पोवार जमीनदार, ते तर म्हणायचे, महाराज, ते अक्षरं राहू द्या जी, पयले तात्या काय करून रायला ते सांगा.

त्या चित्रांत एक विलक्षण गोष्ट होती. त्यातली माणसे आपल्यासारखीच वयाने वाढत. तात्यांच्या मिशीत एकेक पांढरी रेघ आली, त्यांचा मुलगा लंगोटी सोडून धोतर नेसू लागला, म्हातारीची पाठ वाकली. मला ते पहिल्यापासून खटकत असे. देवाने करायचे काम हा शाईवाला मनुष्य करतो, तर त्याच्या मनात काय आहे?

मग आमची दुर्गा जन्मली. मार्गशीर्ष शुद्ध दशमी. सोनाबाई सुईणीने दाराआडून झाली म्हणून सांगितले, मी घटिकापात्र पाहिले, सूर्योदयापासून सतरा घटी बेचाळीस पळे. आमच्याकडे जन्मवेळ कुणाला सांगत नाहीत. वाईट इच्छिणाऱ्याच्या हाती ती पडली तर तो काय करील सांगता येत नाही, म्हणून मी लोकांच्या पत्रिकासुद्धा कापडात शिवून देई. आणि पंधरा दिवसांनी अंक उघडतो तो काय, तात्यांच्या घरी कन्या झालेली, बकुळा तिचे नाव, आणि चित्राखाली छापलेले, मार्गशीर्ष शुद्ध दशमी, घटी सतरा, पळे बेचाळीस.

त्या दिवशी मी पारावर अंक वाचला नाही. डोळे आले आहेत असे सांगितले.

ती वेळ जाणणारी माणसे तीन. मी, आमची मंडळी म्हणजे दुर्गेची आई, आणि सोनाबाई. सोनाबाईला आडून विचारले तर ती भर अंगणात ओरडली, महाराज, मले घटी समजली असती तं मी पोरी कायले काढत बसली असती, पोथी नसती का सांगतली? अंगणातल्या बाया हसल्या. तिचे म्हणणे खरे होते. राहिली आमची मंडळी. तिचा थोरला भाऊ नागपूरला त्याच छापखान्यात जुळारी होता, खिळे जुळवायचा. मग संशयाला दुसरीकडे जायचे कारणच उरले नाही.

तिला मी तोंडाने कधी विचारले नाही. विचारले असते तर बरे झाले असते. मी काय केले, तिच्या भावाचे पत्र आले की आधी मी फोडी, वाची, आणि खळ लावून पुन्हा चिकटवून तिच्या हाती देई. तिचे पत्र जायचे असले की तेही तसेच. वेदाध्ययन केलेला मनुष्य मी, आणि स्वयंपाकघरातली खळ चोरून पत्रे चिकटवत बसे. त्यांत काही सापडले नाही. पण सापडत नाही म्हणूनच माझा संशय वाढे. पुढे तर पत्रांत पाऊस कसा आहे, तांदूळ कसा आहे, एवढेच येऊ लागले, तेव्हा मी म्हटले, पाहा, सावध झाले!

दोन्ही मुली वाढत होत्या. बकुळेचे दात पडले, दुर्गेचे पडले. बकुळेला गालगुंड झाले की मी दुर्गेच्या गालाला लेप लावी. बकुळा खोकली की दुर्गेला अडुळशाचा काढा. पोर इथल्या मुलांत वाढलेली, बोलणे तसेच. म्हणायची, बाबा, खोकला तिले आला, काढा मले काऊन? आई हसे, आणि तिच्या हसण्याचाही मला संशय येई.

पण माझे भय पोकळ नव्हते. दुर्गेच्या पत्रिकेत अकराव्या वर्षी अरिष्ट दिसत होते. हे मी कुणाला, अगदी मंडळीलाही, सांगितलेले नव्हते. आणि बरोबर अकराव्या वर्षी बकुळेला ताप आला. एका अंकात तिच्या कपाळावर पट्टी, दुसऱ्या अंकात वैद्य, तिसऱ्या अंकात तात्या डोक्याला हात लावून बसलेले. मी दुर्गेची शाळा बंद केली. बोडीवर, म्हणजे गावच्या तळ्यावर, जाणे बंद, मैत्रिणी बंद, तिला माजघरात बसवले. चौथी इयत्ता चालली होती, गुरुजी स्वतः बोलवायला आले, त्यांनाही मी दारातून परतवून लावले. मग दोन आठवडे अंकात चित्रच आले नाही. तिसऱ्या आठवड्यात मी दमणी जुंपून अर्जुनी गाठली, छोट्या गाडीने गोंदिया, तिथून नागपूर.

तो चित्रकार माझ्याहून वयाने लहान, डाव्या हाताने काढणारा. मी बसण्याआधीच विचारले, माझ्या मुलीची जन्मवेळ तुम्हाला माझ्या मेहुण्याने सांगितली ना? तो म्हणाला, तुमचा मेहुणा कोण तेच मला ठाऊक नाही, आणि ती वेळ तुमच्या मुलीची आहे हेही आजच कळते. मग त्याने सांगितले. पंचांगाचा मजकूर जुळवून झाला की ते कागद त्याच्याकडे येत, कच्ची चित्रे काढायला. एका कागदाच्या पाठीवर जन्मगणित होते. त्याला चित्रातल्या बाळासाठी वेळ हवीच होती, ती आयती मिळाली.

काय सांगू तुम्हाला. कागदाची दुसरी बाजू वाया घालवायची नाही ही माझ्या वडिलांची शिस्त. दुर्गेचे गणित मी एका सुट्या कागदावर केले, पत्रिकेत उतरवले, आणि त्याच कागदाच्या कोऱ्या बाजूवर पुढल्या आठवड्याचे पंचांग लिहून माझ्या हाताने टपालात टाकले होते.

मी उठलो. पण दाराशी जाऊन परत फिरलो. विचारले, बकुळेचे पुढे काय होणार? तो म्हणाला, शास्त्रीबुवा, मलाच सुचत नाही, म्हणून दोन अंक चित्र गेले नाही. ती जाते असे काढले तर लोक रडतील, अंक खपेल, असे मालक म्हणतात. हात चालत नाही. पत्रिका तुमची, तुम्हीच सांगा, मुलगी वाचते का?

अकरा वर्षे मी त्याच्या चित्रात माझ्या मुलीचे भविष्य शोधत होतो, आणि तो मला विचारत होता. गणित माझ्यापुढे लख्ख होते. मी म्हणालो, वाचते. दीर्घायुषी आहे. आयुष्यात ग्रहांना सोडून मी तेवढे एकच भविष्य सांगितले.

घरी आलो तेव्हा मंडळी तांदूळ पाखडत होती. सगळे सांगितले, पत्रांचेही. तिचे सूप थांबले नाही. म्हणाली, ठाऊक आहे मला. या घरात खळ मीच करते, ती दर पत्रामागे कमी होते हे मला कळत नव्हते का? म्हणून माहेरी गेले तेव्हाच दादाला सांगितले, घरातले काही लिहू नकोस, तिकडे वाचतात. आई वर्षभर अंथरुणाला खिळली होती, त्याने लिहिले नाही. मला कळले ते तार आली तेव्हा.

मी खाली बसून सांडलेले दाणे वेचू लागलो. ती म्हणाली, माझे राहू द्या. पोरीला उद्या शाळेत पाठवा.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः दुर्गेला पोहोचवून आलो. पुढल्या अंकात बकुळा उठून खिचडी खात होती, आणि संपत पटेलांनी पारावर गूळ वाटला, पोरगी वाचली जी महाराज, पोरगी वाचली! दुर्गेचे अकरावे वर्षही सरले. गणित चुकले होते की देवाने राखले, मी पुन्हा तपासलेले नाही. तपासणारही नाही. आता ती अर्जुनीच्या शाळेत मुलींना शिकवते. बकुळेलाही चित्रात लेकरे झाली आहेत, पण चित्रकाराची रेघ हल्ली कापते, आणि अंक आला की माझा जीव अजून थोडा वरखाली होतो. स्वभाव आहे, जात नाही.

मंडळीची पत्रे येतात. मी ती न फोडता तिच्या उशाशी ठेवतो. ती वाचते, घडी करते, पेटीत ठेवते. क्वचित एखादे माझ्यापुढे सरकवते, वाचा म्हणते. वर्षातून एखादे. तेवढे पुष्कळ.

हे जो वाचील त्याच्या घरी लेकीबाळी दीर्घायुषी होवोत, चूल तृप्त असो, दारी येणारे पत्र ज्याचे त्याच्या हाती पडो, आणि मनात आलेले विचारायला घरच्या माणसाला अकरा वर्षे न लागोत. जगदंबा तुमचे रक्षण करो.