भाड्याचा टीव्ही

समुद्रापारच्या त्या फ्रेंच चालणाऱ्या बेटावर, रोझ हिलच्या बसच्या रांगेत, मराठी क्वचितच कानी पडे. म्हणून पुढच्या दोघी बोलू लागल्या तशी रीता नकळत ऐकू लागली. एक पांढऱ्या साडीतली, दुसरी तिची काकी.

"टीव्ही परत नेला का गं दुकानवाल्यांनी, बसंती?"

"नाही, काकी. करार आपोआप आणखी एक वर्ष वाढला म्हणे. बंद करायचा तर महिनाभर आधी लिहून कळवायचं होतं."

"तुला न विचारता वाढला?"

"कागदात तसं लिहिलंय, बारीक अक्षरात, फ्रेंचमध्ये. सही यांची. अंथरुणाला खिळले होते, दिवस जाईना, म्हणून भाड्यानं आणला होता ना."

"आणि कळवायची शेवटची तारीख?"

"यांच्या दहाव्याची."

"अगं बाये! कायदा काहीच म्हणत नाही? लोकांना आधी आठवण तरी करून द्यावी की!"

"वकिलाला विचारलं. तो म्हणाला, असा कायदा हवा खरा, पण अजून नाही."

"मग दुकानात सांगायचं, भाडं घ्या हवं तर, पण तो डबा न्या."

"सांगितलं. म्हटलं, समोर यांची रिकामी खाट आहे, मला बघवत नाही. तर गल्ल्यावरचा मिस्ये म्हणाला, मादाम, ज्यानं सही केली त्यालाच पाठवा."

रांग पुढे सरकली, पण रीता जागची हलली नाही.

"मग तू काय बोललीस?"

"काय बोलणार, काकी? म्हटलं, मिस्ये, ते येणार असतील तर टीव्ही राहू दे की घरी."