संगमेशचा गांजा आणि आमची प्रेमळ गल्ली

...नाही, पोराची चूक नाहीच, चूक गल्लीची आहे. जन्मभर बातमीदारी केली, पैशानं फुटलेले साक्षीदार ढिगानं पाहिले, पण प्रेमानं फुटलेले इथंच पाहिले. तुम्हाला सांगतो, आमच्या शेजारच्या निंगव्वाचा संगमेश, इंजिनियर, संरक्षण खात्यात निवड झाली, हैदराबादला, फक्त सुरक्षेची मंजुरी यायची राहिली. मुलाखतीत साहेबांनी विचारलं, कधी नशापाणी? यानं सांगून टाकलं, कॉलेजात असताना हॉस्टेलवर दोन-तीनदा गांजा ओढला, मग सोडला. साहेब म्हणाले, ‘जुनी गोष्ट आहे, स्वतःहून सांगितलीस, अडणार नाही. आम्हाला भीती लपवणाऱ्याची, त्याला उद्या कुणीही दमात घेतं. फक्त गल्लीत चौकशी होईल.’

झाली की चौकशी. हवालदार आला, आणि नबीसाब टेलर मशीनवरून न उठताच म्हणाला, ‘क्या बाता करते साब, बच्चा सुपारी तक नै खाता.’ निंगव्वानं तर गळ्याला हात लावला, ‘देवाशपथ, माज्या लेकरानं बिडीबी बगितली न्हाय.’ म्हणजे उमेदवार म्हणतो ओढला, गल्ली म्हणते नाही ओढला... हवालदारानं कळवलं, जबाबात तफावत. मंजुरी अडकली. आता मला सांगा, खरं बोलणाऱ्यानं करायचं काय?

संगमेश माझ्याकडं आला, ‘काका, तुमीच समजवा की.’ मग मी, या वयात, दारोदार हात जोडत फिरतोय, की बाबांनो, पोराला गंजेडी म्हणा. नबीसाब म्हणतो, ‘उसके रिश्ते की बात चल रई साब, मैं ऐसा बोलूं?’ निंगव्वा म्हणते, ‘तुमी पेपरवाले, चांगल्या पोराला डाग लावल्याबिगर जेवण पचत न्हाय व्हय?’ अहो, पोरगा शेजारी उभा. ‘अव्वा, खरंच ओढलाय गं मी.’ ‘गप, तुला काय कळतंय?’ ओढला त्यानं, आणि कळत नाही त्यालाच. आता मला सांगा, खरं बोलणाऱ्यानं करायचं काय?

शेवटी निंगव्वा, संगमेश आणि मी, तिघं ठाण्यात गेलो. फौजदार शांतपणे म्हणाले, ‘मावशी, खरं सांगितलं तर पोराची नोकरी राहील, नाहीतर गेली.’ निंगव्वानं पोराकडं बघितलं, डोळे पुसले. ‘व्हय साहेब, ओढलाय त्यानं.’ मी सुटकेचा निःश्वास सोडतोय तोवर... ‘पर त्याच्या मनानं न्हाय. हे शेजारचे काका हायत न्हवं, येळी-अवेळी भायेर असत्यात, ह्यांच्या नादानं.’ मी तोंड उघडणार, तर संगमेशनं माझा हात दाबला. फौजदारांनी पहिलं वाक्य लिहून घेतलं. दुसरं दारात उभ्या हवालदारानं गल्लीपर्यंत पोचवलं.

मंजुरी आली, संगमेश रुजू झाला. आणि मी रस्त्यानं निघालो की बाया पोरांना घरात घेतात. महिनाभर खुलासे केले. नबीसाब समजावतो, ‘सच बोल दो साब, दिल हल्का होता.’

काल कंटाळून म्हणालो, हो बाबा, मीच पाजला.

तर म्हणतो, ‘मेरेकू पैलेच मालूम था.’